तेल जाते कुठे?

मित्रांनो, माझा रंग कोणता असे विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी विटकरी होतो. आता बॉनेट उन्हाने गुलाबी पडले आहे, हौद्याच्या कडा गंजल्या आहेत आणि डावे दार तर चक्क हिरवे आहे. ते दुसऱ्याच एका ट्रकचे आहे. मी एक जुना ट्रक आहे, एवढे मात्र खरे. पुढे तिघांना बसता येईल असा लांब बाक आणि मागे उघडा हौदा, एवढाच माझा देह. १९७८ साली मिशिगनमध्ये माझा जन्म झाला आणि मालगाडीवर बसून मी वायोमिंगमध्ये, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी आलो. तेव्हापासून मी मेंढ्यांच्या सेवेत आहे.

माझे मालक बेन्यात इरिगाराय. ते बास्क, म्हणजे फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरातले. एकोणिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून ते इथे दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायला आले आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःचा कळप उभा केला. त्या धडपडीत एका एडक्याने धडक देऊन त्यांचा डावा गुडघा मोडला. तो पुढे कधी नीट वाकलाच नाही. क्लच दाबायचा म्हटला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. म्हणून त्यांनी मुद्दाम सांगून मला मागवले: क्लच नसलेला, आपले गिअर आपणच बदलणारा ट्रक.

गावातल्या इतर मेंढीवाल्यांना हसायला तेवढेच पुरे झाले.

"बेन्यात, बायकोसाठी घेतलास का रे ट्रक?" एकाने मला बघून विचारले.

"हो," मालक म्हणाले, "ती चालवेल आणि मी शेजारी झोपेन. तुझी बायको तुला शेजारी बसू तरी देते का, ते बघ आधी."

मला तेव्हाच या माणसाचा लळा लागला.

माझ्यात तीन गिअर आहेत. ते बदलायला माणसाचा हात लागत नाही की पाय लागत नाही. पोटातले लाल तेल दाबाने फिरते आणि वेळ आली की एक गिअर सोडून दुसरा धरते. ओझे किती आहे, चढ केवढा आहे, चालवणाऱ्याला घाई आहे की नाही, हे ओळखून मी स्वतः ठरवतो. दर जूनमध्ये मी मेंढपाळाची गाडी ओढत डोंगरावर नेत असे. ही गाडी म्हणजे चाकांवरची एक खोली. वर कापडाची कमान, आत लोखंडी शेगडी आणि एक पलंग. मेंढपाळाचे सगळे घर तेच. वाटेत नऊ वळणांची उभी चढण आहे. ती चढून गेले की पलीकडच्या खोलगट कुरणात कळप उन्हाळाभर चरतो. बर्फ पडायच्या आत आम्ही तीच चढण पलीकडून चढून खाली येत असू.

तीस वर्षे मी हे केले. मिठाचे ठोकळे वाहिले, पाण्याची पिंपे वाहिली. थंडीने गारठलेली कोकरे माझ्या बाकावर, हीटरसमोर शुद्धीवर आली. मालकीणबाई माइते मोठ्या लोखंडी भांड्यात भाजलेले गरम पाव माझ्यातूनच वर पाठवत. लसणाचा आणि मटणाच्या रश्श्याचा वास माझ्या गाद्यांतून अजून गेलेला नाही. त्यांची मुलगी ग्रासियाना तेराव्या वर्षी माझ्यावरच गाडी शिकली. तिने पहिल्याच दिवशी कुंपणाचा खांब पाडला आणि माझे डावे दार गेले. मालक रागावले नाहीत. "खांब जुनाच होता," ते म्हणाले. तो आदल्याच आठवड्यात पुरलेला होता.

मग माइतेबाई वारल्या. मालकांचे लक्ष कशातच लागेना. मुलीच्या आग्रहाने त्यांनी नवा ट्रक घेतला आणि मला लोकर कातरायच्या छपरामागे उभे केले. कधीतरी डोंगरावर मीठ न्यायला मला बाहेर काढत, तेवढेच. माझ्या गाद्यांमध्ये उंदरांनी बिऱ्हाड केले. मी तक्रार केली नाही. पण याच काळात माझे पोट बिघडू लागले.

आधी गिअर उशिरा पडू लागले. पहिल्यातून दुसऱ्यात जायच्या वेळी मी नुसताच ओरडत राही आणि मग एकदम असा धक्का देई की हौद्यातले मीठ उडे. नंतर चढावर गिअर सुटू लागला. इंजिन जोरात फिरे, पण चाके ऐकत नसत. मागून पांढरा धूर निघे. तो इतका दाट की मी येतो आहे हे दोन मैलांवरून कळे. गावात मला "धुराडं" म्हणू लागले. मालक गिअरचे तेल ओतत, ते आठवड्यात कमी होई, ते पुन्हा ओतत.

शेवटी त्यांनी वेंडेल प्रुइटला बोलावले. वेंडेल गावातला मेकॅनिक, मनाने चांगला, पण कामाच्या घाईत असलेला माणूस. त्याने मला रस्त्यावरून एक फेरी मारून आणले आणि दार आपटले.

"गिअरबॉक्स गेला, बेन्यात. आणि धूर बघितलास? इंजिनही गेलं. आता याच्यात जीव अडकवू नकोस."

"दोन्ही गेलं?"

"दोन्ही. तीस वर्षं चालला की. अजून किती चालणार?"

मालकांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. भंगारवाल्याला येत्या शुक्रवारी यायला सांगितले. ऑक्टोबर महिना होता. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार एकटे वाटले. मला मरायचे भय नव्हते. पण मी आतून मेलेलो नाही हे मला ठाऊक होते आणि ते सांगायला मला तोंड नव्हते.

त्याच आठवड्यात मालकांच्या नव्या ट्रकला रस्त्यात हरीण आडवे आले. हरीण गेले, ट्रकचा रेडिएटर फुटला, आणि नवा येईपर्यंत तो वेंडेलच्या गॅरेजमध्ये अडकून पडला. आणि बुधवारी सकाळी डोंगरावरून एक शिकारी घाईघाईने खाली आला.

आमचा कळप राखायला एलेउतेरिओ वामान होता. तो पेरू देशातला, अँडीज डोंगरातला माणूस. आठ उन्हाळे आमच्याकडे होता. घोडीने त्याला पाडले होते आणि त्याचा घोटा मोडला होता. शिकाऱ्याने त्याला खाली आणू का विचारले तर तो नाही म्हणाला. शिकाऱ्याचा जोडीदार शेगडी पेटती ठेवायला त्याच्यापाशी थांबला होता. शिकाऱ्याने खिशातून एक कागद काढला. ग्रासियाना तेव्हा वडलांना जेवण द्यायला आली होती. ती गावात शाळेची बस चालवते. एलेउतेरिओ मालकांना पात्रोन म्हणे. तिने कागद मोठ्याने वाचला:

"पात्रोन, पाय मोडला. मेंढ्या ठीक. कुत्रे ठीक. उद्या दुपारनंतर बर्फ येणार. कुणीतरी मेंढ्यांना घेऊन जा, मग मी येईन. मेंढ्यांच्या आधी येणार नाही."

"गाढव आहे," मालक म्हणाले.

"शेरिफची माणसं त्याला उचलून आणतील, ऐता," ग्रासियाना म्हणाली. ती वडलांना ऐता म्हणते. त्यांच्या भाषेत वडलांना तेच म्हणतात.

"तो कुणाला हात लावू देणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही दिला नसता. आणि बर्फात कळप अडकला की संपलं. नऊशे जीव आहेत."

शेजारच्या मेंढीवाल्यांना विचारायची सोय नव्हती. बर्फाची खबर सगळ्यांना लागली होती आणि जो तो आपापला कळप उतरवायला आपापल्या खोऱ्यात गेला होता. मालक घोडीवरून कळप आणू शकत होते. पण एलेउतेरिओला आणायला आणि त्याची चाकांवरची खोली चढणीवरून ओढायला ट्रक हवा होता. शिकाऱ्याच्या लहान गाडीला ते ओझे पेलणारे नव्हते.

ग्रासियाना छपरामागे आली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐता, वेंडेल नक्की काय म्हणाला?"

"गिअरबॉक्स गेला. इंजिनही गेलं."

"दोघं एकाच वेळी कसे गेले? ठरवून?"

"पोरी, मला काय विचारतेस? तेल ओतून ओतून माझा हात दुखला."

"तेच विचारतेय. तुम्ही ओतलेलं तेल जातं कुठे?"

हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. तिने पुठ्ठा अंथरला आणि ती माझ्याखाली शिरली. विजेरी लावून तिने माझे पोट इंचाइंचाने बघितले. सगळे कोरडे होते. मी जिथे महिनोन्‌महिने उभा होतो तिथल्या मातीवर तेलाचा एक डाग नव्हता.

"खाली पडत नाही," ती आतूनच म्हणाली. "मग वर जातं."

"तेल वर जातं? छान! शाळेत हेच शिकवतात का आता?"

तिने उत्तर दिले नाही. तिने मला सपाट जागी आणले, गरम होईपर्यंत चालवले आणि इंजिन चालू ठेवूनच गिअरचे तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टीच्या टोकाला जेमतेम एक थेंब होता.

"हे कसं? मी परवाच बघितलं होतं. भरलेलं होतं," मालक म्हणाले.

"इंजिन चालू होतं तेव्हा?"

"बंद. चालू ठेवून कोण मोजतं?"

"इंजिनाचं तेल बंद ठेवून मोजतात, ऐता. गिअरचं चालू ठेवून. बंद केलं की सगळं खाली उतरतं आणि पट्टीवर भरपूर दिसतं. तुम्ही याला उपाशी ठेवलंत आणि जेवलास ना, म्हणून विचारत राहिलात."

मालकांनी टोपी काढून डोके खाजवले. ग्रासियानाने पट्टीवर उरलेला थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपला. तो लाल होता. तिने फडके नाकाशी धरले, मग वडलांच्या नाकाशी धरले.

"जळका वास येतोय?"

"नाही."

"आत काही जळलं असतं तर तेल काळं झालं असतं आणि त्याचा वास आला असता. गिअरबॉक्स गेलेला नाही."

मित्रांनो, मी हलू शकलो असतो तर त्या क्षणी उडी मारली असती.

मग तिने इंजिनाचे तेल बघितले. ते पुरेपूर होते. म्हणजे धूर इंजिनाच्या तेलाचा नव्हता. माझ्या पुढच्या खणात कारखान्याने दिलेले पुस्तक पडलेले होते. उंदरांनी त्याची एक कड खाल्ली होती, पण चित्रे शाबूत होती. ती माझ्या पायरीवर बसून पाने उलटू लागली. एका चित्रावर तिचे बोट थांबले. इंजिनापासून एक बारीक नळी निघून थेट गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला जात होती. तिथे वाटीएवढी पत्र्याची एक डबी होती.

"इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी ही एकच वाट आहे," ती म्हणाली आणि पुन्हा माझ्याखाली शिरली. तिने त्या डबीवरची रबरी नळी उपसली. नळीत खरे तर नुसती हवा असायला हवी होती. तिच्यातून लाल तेल टपकले आणि तिच्या गालावर पडले.

"ऐता!" ती इतक्या जोरात ओरडली की कुत्रा भुंकायला लागला. "सापडलं! तेल इंजिन पितंय!"

तिने वडलांना जे समजावले ते तुम्हालाही सांगतो. इंजिन त्या नळीतून हवा ओढते. ओझे वाढले की ओढ कमी होते, ओझे उतरले की वाढते. त्या ओढीवरून गिअरबॉक्सला कळते की आता गिअर कधी आणि किती हळुवार बदलायचा. डबीच्या आत एक पातळ रबरी पडदा असतो. माझा पडदा फाटला होता. म्हणून निरोप पोचत नव्हता आणि मी गिअर उशिरा, धक्का देऊन बदलत होतो. त्याच फाटक्या पडद्यातून इंजिन गिअरचे तेल ओढून जाळत होते, तोच धूर. आणि तेल संपले की गिअर सुटत होता. दोन मोठे आजार सांगितले होते. निघाला एवढासा पडदा.

ती शिकाऱ्याच्या गाडीतून गावात गेली. वेंडेल काय म्हणाला ते तिने नंतर वडलांना सांगितले. तिने माझी काढून नेलेली डबी त्याच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्याने ती उलटीपालटी करून फाटका पडदा बघितला.

"मी खाली वाकूनही बघितलं नाही, ग्रासियाना," तो म्हणाला. "धूर बघितला आणि तोंड उघडलं."

त्याच्या मागच्या खोलीत एका खोक्यात तसलीच कोरी डबी निघाली. ती घेऊन तो तिच्याबरोबर स्वतः आला. एक बोल्ट आणि डबी धरणारा एक चाप, एवढेच. तासाभरात काम झाले. तेल भरले. ग्रासियाना बसली, मालक शेजारी बसले आणि आम्ही रस्त्यावर आलो. मागे धूर नव्हता. वेंडेलने टोपी हवेत उडवली.

पण गिअर पडेना. मी दुसऱ्यातच ओरडत राहिलो आणि तिसरा पडला तो पुन्हा धक्का देऊनच. मला माझीच लाज वाटली. मालकांनी खिडकीबाहेर बघितले. डोंगराच्या माथ्यावर ढग जमू लागले होते.

"सोड, पोरी. तू पुष्कळ केलंस. मी घोड्यावरून जातो, त्याला तिथेच गोधड्यांत गुंडाळून ठेवतो..."

"ऐता, धूर थांबला की नाही?"

"थांबला."

"मग अर्धं बरोबर आहे. अर्ध्यावर कोण सोडतं?"

परत आल्यावर तिने इंजिन चालू ठेवले आणि कान लावून ऐकले. वेंडेल काही बोलणार होता, तिने बोटाने गप्प केले. मग ती नळीवरून हात फिरवत वरपर्यंत आली. इंजिनाच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे नळीला एक रबरी कोपर होता. तो वाळून तडकला होता आणि सापाच्या पिल्लासारखा फुसफुसत होता. तिने त्यावर अंगठा दाबला. इंजिनाचा सूर तत्काळ बदलला.

"नवा पडदा बसवला, पण निरोप वाटेतच सांडत होता," वेंडेल हळूच म्हणाला. "आता तुलाच गॅरेजची किल्ली देतो."

"किल्ली नको, नळी दे."

तेवढ्या मापाची नळी त्याच्याकडेही नव्हती. मालकच लंगडत छपरात गेले आणि लोकर कातरायच्या यंत्राच्या जनरेटरवरून पेट्रोलची जाड नळी कापून घेऊन आले. "मेंढ्या कातरायला आता जूनपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. ती नळी चपखल बसली.

आम्ही पुन्हा रस्त्यावर आलो. पहिला गिअर, मग दुसरा. ग्रासियानाने वेग वाढवला. मालक दोन्ही हातांनी बाकाची कड धरून, दात आवळून धक्क्याची वाट बघत होते.

"तिसरा कधी पडणार?" त्यांनी विचारले.

"पडला, ऐता."

"कधी?"

"तुम्ही दात आवळलेत ना, त्याच्या आधीच."

मालकांनी हात सोडले. ते हसू लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. माइतेबाई गेल्यापासून मी त्यांना असे हसताना ऐकले नव्हते.

गुरुवारी उजाडताच आम्ही निघालो. नऊ वळणांच्या तळाशी ग्रासियानाने माझा दांडा खालच्या गिअरवर ओढला आणि मी चढू लागलो. एकेक वळण मागे पडत गेले. ज्या सातव्या वळणावर उन्हाळ्यात मीठ नेताना माझा गिअर सुटला होता आणि मला मागे घसरत परतावे लागले होते, ते मी सरळ चढून गेलो. माथा ओलांडला आणि पलीकडच्या कुरणात उतरलो.

एलेउतेरिओ आपल्या गाडीच्या दारात पाय लांब करून बसला होता. पायाला तंबूच्या खुंट्या आणि चिंध्या बांधल्या होत्या. तो पहाटेपासून माथ्याकडे बघत होता. मी थेट त्याच्या समोर येऊन थांबलो तरी तो माथ्याकडेच बघत होता.

"सेन्योरा, धूर कुठे आहे?" त्याने विचारले. "मी धूर शोधत होतो. धूर दिसला नाही म्हणून म्हटलं, आज कुणी येत नाही."

"धूर संपला," ग्रासियाना म्हणाली. "बस आत."

"आधी पात्रोन मेंढ्या घेतील. मग बसतो."

"अरे बाबा, घेतो! हा मी बसलो!" मालक ओरडले. ज्या घोडीने एलेउतेरिओला पाडले होते तिच्यावर ते शहात्तराव्या वर्षी चढून बसले होते.

"सांभाळा, पात्रोन. ती पाडते."

"ती माणसं बघून पाडते."

शिकाऱ्याच्या जोडीदाराने मदत केली आणि चाकांवरची ती खोली माझ्यामागे जोडली गेली; मग तोही तिच्यातच बसला. एलेउतेरिओला बाकावर आडवे बसवले. माझ्या मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या. कळप पुढे निघाला. मालकांनी शीळ घातली, दोन्ही कुत्रे दोन्ही बाजूंनी धावले, आणि नऊशे मेंढ्या चढणीकडे वाहू लागल्या.

दुपार व्हायच्या आत बर्फ सुरू झाला. आधी भुरभुर, मग जाड पाकळ्या. चढणीच्या मध्यावर मेंढ्यांनी रस्ता भरून टाकला आणि ग्रासियानाला ब्रेक लावावा लागला. मित्रांनो, उभ्या चढावर, ओल्या बर्फात, मागे लाकूड-लोखंडाची एक खोली आणि आत मोडक्या पायाचा माणूस. थांबणे सोपे होते. पुन्हा निघणे कठीण होते. मागे डावीकडे खोल दरी होती आणि आता बर्फात तिची कड दिसत नव्हती. एलेउतेरिओने एका हाताने डॅशबोर्ड धरला आणि दुसऱ्याने छातीवर क्रूस काढला.

मेंढ्या पुढे सरकल्या. ग्रासियानाने ब्रेक सोडला आणि हलकेच पाय दाबला. आधी अशा जागी माझे इंजिन नुसते ओरडायचे. त्या दिवशी लाल तेलाने दाब धरला, पहिला गिअर घट्ट बसला, साखळ्यांनी बर्फ चावला आणि मी सगळे घर घेऊन पुढे निघालो. बोटभरही मागे सरकलो नाही.

"जा, राजा," ग्रासियाना पुटपुटली. मला कुणी राजा म्हटल्याची ती पहिलीच वेळ होती.

माथ्यावर वारा होता, पण पुढे उतार होता. उतारावर मी खालच्या गिअरमध्ये राहून त्या ओझ्याला पाठीने आवरत नेले. एलेउतेरिओ काच खाली करून काळ्या मेंढ्या मोजत होता. आमच्याकडे दर शंभर पांढऱ्या मेंढ्यांमागे एक काळी ठेवतात. काळ्या सगळ्या दिसल्या तर कळप पुरा आहे असे समजतात. खालच्या कुरणाच्या फाटकापाशी कळप आत शिरू लागला. "सहा... सात..." त्याचा आवाज बारीक होत गेला. "आठ." मग बराच वेळ काही नाही. शेवटच्या पांढऱ्या मेंढ्या आत गेल्या. सगळ्यांच्या मागे बर्फाने माखलेले मालक घोडीवरून येत होते आणि त्यांच्या खोगिरावर, त्यांच्या कोटात गुंडाळलेली, एक लंगडी काळी मेंढी होती.

"नऊ!" एलेउतेरिओ असा ओरडला की माझी काच थरथरली. ग्रासियानाने माझा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. आमच्या मागे डोंगर पांढरा होऊन गेला होता आणि त्याच्यावर आमचा एकही जीव उरला नव्हता.

त्याच संध्याकाळी एलेउतेरिओच्या पायाला प्लास्टर बसले. शुक्रवारी भंगारवाला आला. मालकांनी त्याला एक जुनी शेगडी आणि मोडके खुराडे दिले आणि माझ्यासमोर असे उभे राहिले की त्याने माझ्याबद्दल विचारलेसुद्धा नाही. गावातल्या हॉटेलात वेंडेलने सगळी हकिगत स्वतःच सांगितली आणि स्वतःची चूक आधी सांगितली. त्यानंतर तो प्रत्येक गाडीखाली आधी पुठ्ठा अंथरून शिरतो, असे म्हणतात. मला आता कुणी धुराडे म्हणत नाही. एलेउतेरिओने माझ्या गाद्यांतले उंदीर हाकलले, नव्या गोधड्या घातल्या आणि दर रविवारी तो इंजिन चालू ठेवून माझे तेल बघतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. उशीर, धक्का, धूर, वास, फुसफुस, एवढेच आमचे शब्द. तुमच्या घरी एखादे यंत्र कुरकुरू लागले तर त्याला "गेलं" म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसा. त्याला काय हवे ते वेळेवर आणि बरोबर मोजून द्या. ते काय सांगते आहे ते कान देऊन ऐका, आणि पहिल्या उपायाने बरे वाटले नाही तर दुसऱ्यांदा वाका. मला माझी तीस वर्षे कुणी परत द्यावीत असे वाटत नाही. मला फक्त एक माणूस हवे होते, जे माझ्याखाली पुठ्ठा अंथरून विचारील की तुला नेमके कुठे दुखते आहे. ते मला मिळाले, आणि म्हणून आज तुमच्याशी बोलणारा हा ट्रक गंजलेला असला तरी चालता आहे.